खिशातली खतावणी



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार-चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस-बत्तीस वर्षे या किनाऱ्यावर मी तेच काम करीत आलो, तेव्हा ती अपेक्षा रास्तच होती. मी मात्र 'हातातल्या संगणकावर ठेवलेली स्वतःची विकी' असा विषय कळविला. त्यावर चालकांपैकी एका सद्गृहस्थांनी दोनदा फोन करून विचारले की, हे फार तांत्रिक प्रकरण तर नाही ना? श्रोत्यांत पेन्शनर मंडळी पुष्कळ असतात. मी म्हटले, पेन्शनर मंडळींनाच ते सर्वांच्या आधी समजेल, कारण कीर्द आणि खतावणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

ज्यांनी दुकानाची किंवा पतपेढीची हिशेबाची पुस्तके हाताळली आहेत त्यांना हे सांगायला नको की, कीर्द दिवसवार लिहिली जाते. सकाळी माल विकला, दुपारी हमाली दिली, संध्याकाळी जुनी उधारी आली. जसे घडले तसे, एकाखाली एक. कीर्द लिहिणे सोपे असते. पण 'अमक्याकडे आपले येणे किती?' असे कीर्दीला विचारले तर ती गप्प बसते. उत्तर तिच्या पोटात असते खरे, पण शंभर पाने उलटल्यावाचून हाती लागत नाही. म्हणून खतावणी. तीत प्रत्येक माणसाचे, प्रत्येक बाबीचे वेगळे खाते. कीर्दीतली नोंद त्या त्या खात्यावर उतरवायची आणि शेजारी कीर्दीचे पान लिहायचे. कीर्दीतही खतावणीचे पान लिहायचे. या वहीतून त्या वहीत जाण्याची वाट दोन्ही बाजूंनी बांधलेली असते.

आता पाहा, माणसे पैशाचा हिशेब असा ठेवतात. पण कोण काय बोलले, कोणत्या दिवशी काय ठरले, कोणता कागद कोणाकडे आहे, याची आपल्याकडे फार तर कीर्द असते. तिलाच आपण डायरी म्हणतो. तिची खतावणी कोणी घालीत नाही. विकी म्हणजे ही खतावणी. एवढे ध्यानात आले की माझे निम्मे व्याख्यान झाले.

विकी हा शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ 'लवकर'. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना इकडून तिकडे नेणारी 'विकी विकी' नावाची बस होती. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणक-कारागिराच्या ती लक्षात राहिली, आणि २५ मार्च १९९५ रोजी त्याने एकमेकांना जोडलेली, कोणालाही चटकन लिहिता व दुरुस्त करता येतील अशी पाने संगणकांच्या जाळ्यावर मांडली तेव्हा तेच नाव त्यांना दिले. पण मला त्याआधीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, एका कंपनीत नोकरीला असताना, त्याने संगणकावरच कार्डांची एक जुळणी केली होती. कोणता माणूस, कोणती कल्पना, कोणते काम, आणि यांतले कोण कोणाशी बांधलेले, एवढेच त्यात होते. म्हणजे विकीचे मूळ ज्ञानकोशात नाही. कामाच्या जागी कोणाला काय ठाऊक आहे ते हरवू नये, या गरजेत आहे. ज्ञानकोश पुढे आला. विकिपीडिया २००१ सालचा आणि आपला मराठी विकिपीडिया २००३ सालचा. मराठीत ज्ञानकोश म्हटला की डॉ. केतकरांना ओलांडून जाता येत नाही. १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंडांचे ते काम त्यांनी रीतसर कंपनी काढून, भाग विकून तडीस नेले. ते मंडळाचे काम होते. मी बोलतो आहे ते एका माणसाने, स्वतःपुरते, खिशात बाळगण्याच्या वहीबद्दल. २००४ साली इंग्लंडमधील जेरेमी रस्टन याने टिडलीविकी नावाची एक विकी काढली. तिची सारी पाने एकाच फाइलीत मावतात. ती फाइल कोणाच्या दारी ठेवावी लागत नाही, भाडे द्यावे लागत नाही. मी वापरतो ती हीच.

कोणी म्हणेल, युनियनवाल्याला याचे एवढे काय पडले आहे? त्याचे उत्तर येथून फार दूर नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरविले आणि जवळजवळ सहा वर्षे, १९३९ पर्यंत, ते ठरलेले पाळले. डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. हा इतिहास आपणां सर्वांना माहीत आहे, त्याची उजळणी मी करीत नाही. मला त्यातली एकच बाजू दाखवावयाची आहे. कुळाने अंगठा उठविलेली कबुलायत खोताच्या पेटीत असे. कुळाने किती खंडी भात घातले हे खोताच्या वहीत असे. कुळाच्या घरात काय असे? आठवण. कुळ म्हणे, मी एवढे घातले. वही म्हणे, नाही. आणि कचेरीत वही बोलते, आठवण बोलत नाही. पुढे १९४८ च्या कुळकायद्याने जमीनदाराने खंडाची पावती दिलीच पाहिजे असे बंधन घातले, ते उगाच नव्हे.

खोत गेले. भाताच्या खाचरांतून कारखाने उभे राहिले, बंदर झाले. पण वही कोणाच्या हातात, हा प्रश्न काही गेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असे होते की, मागच्या बारा महिन्यांत ज्याने २४० दिवस काम केले त्याची सेवा वर्षभर अखंड धरावी; त्याला नोटिशीवाचून, भरपाईवाचून काढता येणार नाही. कायदा चांगला. पण हे २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचे? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हदिमनी खटल्यात सांगितले की, ते कामगाराने करायचे. नुसते प्रतिज्ञापत्र पुरणार नाही. २००५ साली येल्लट्टी खटल्यात त्याच न्यायालयाने त्यात थोडी वाट काढून दिली. कामगाराने साक्षीला उभे राहावे, जवळ असेल तो पुरावा द्यावा, आणि मालकाकडचे मस्टर, पगारपत्रक हजर करण्याची मागणी करावी. चांगली वाट आहे. पण मागणी करायची तर काय मागायचे ते ठाऊक पाहिजे. 'साहेब, सगळे रजिस्टर आणा' म्हटले की साहेब म्हणतात, कोणते?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, बॅगिंग खात्यातल्या एकतीस कंत्राटी कामगारांचे गेटपास एका सोमवारी नवे करून मिळाले नाहीत. यांतले बहुतेक दहा-बारा वर्षे तेथेच पोती भरीत होते. ठेकेदार मात्र सात वेळा बदललेला. प्रत्येक ठेकेदाराबरोबर पास नवा, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर नवा, आणि जुना पास परत घेतलेला. २०१४ पासून फंडाचा एकच नंबर माणसाबरोबर जन्मभर राहतो. तेव्हा तसे नव्हते. माणूस तोच, जागा तीच, पोते तेच; कागदावर मात्र सात निरनिराळे इसम.

माझ्याकडे त्या वर्षांच्या खिशातल्या डायऱ्या होत्या. तीत सर्व होते. अमुक रात्री पट्टा तुटला, मुकादमाने थांबलेल्या माणसांची नावे लिहून घेतली. अमुक दिवशी हात सापडला, कोणाला कोणत्या दवाखान्यात नेले. अमुक महिन्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने दिला नाही म्हणून तक्रार. कीर्द होती. मी आणि तिघे सहकारी दोन महिने रात्री बसलो आणि तिची खतावणी घातली. लॅमिंग्टन रोडवर जुना घेतलेला एक हातातला संगणक माझ्याकडे होता. तोवर तो पत्ते आणि टेलिफोन नंबर लिहिण्याच्या उपयोगी पडे. त्यावर प्रत्येक माणसाचे एक पान केले, प्रत्येक ठेकेदाराचे एक, प्रत्येक महिन्याचे एक. 'पट्टा तुटला' त्या रात्रीचेही एक पान झाले. त्या पानाला सतरा माणसांची पाने येऊन मिळाली. मग आमच्या वकिलांनी जी मागणी लिहिली तीत 'सगळे रजिस्टर' असा शब्द नव्हता. अमक्या तारखेच्या रात्रपाळीचे फाटकावरचे रजिस्टर, अमक्या दिवसाचे अपघाताचे रजिस्टर, अमक्या ठेकेदाराचे अमक्या महिन्याचे पगारपत्रक, अशा त्रेचाळीस बाबी होत्या.

निकाल सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही घरी जाताना तोच विचार कराल. पुरता विजय झाला नाही. तडजोड झाली. एकोणीस जणांना पुढच्या ठेकेदाराकडे मागची सेवा धरून घेतले, आठ जणांनी भरपाई घेतली, चौघांचे काहीच झाले नाही. त्यांच्या नोंदी माझ्या डायरीत पुरेशा नव्हत्या, कारण ते दुसऱ्या पाळीत असत आणि त्या पाळीशी माझी गाठ कमी पडे. त्या चौघांतला एक अजून मला बाजारात भेटतो. त्याच्यापुढे विकीची थोरवी गाण्याचे धारिष्ट मला होत नाही.

आता तिची रचना थोडी उलगडून सांगतो. पान म्हणजे एक नाव आणि त्याखाली चार ओळी. जास्त लिहू नये. लिहिताना दुसऱ्या एखाद्या पानाचे नाव आले की त्याला दुहेरी चौकटी कंस घालायचे. झाली वाट तयार. त्या नावावर बोट ठेवले की ते पान उघडते. उलटही होते. कोणतेही पान उघडून 'तुला कोण कोण बोलावते?' असे विचारता येते, आणि ज्या ज्या पानांवर त्याचे नाव आहे ती सारी समोर येतात. कीर्दीतले खतावणीचे पान माणसाला हाताने लिहावे लागे. येथे यंत्र लिहिते. माझ्या सर्व विकीत याहून मोठी करामत नाही.

पण यातली एक गोष्ट मला फार आवडते. जे पान अजून लिहिलेलेच नाही त्याचेही नाव कंसात घालता येते. वाट तयार होते, पलीकडे घर नसते. अशी नावे विकी वेगळ्या ढंगात दाखविते आणि मागितली तर त्यांची यादी देते. मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. पुढचे शिक्षण वाचनालयात, कारखान्याच्या फाटकावर आणि वकिलांच्या ओट्यावर झाले. शाळेत अभ्यासक्रम कोणीतरी नेमून देतो. माझा अभ्यासक्रम ही रिकाम्या नावांची यादी. 'ग्रॅच्युइटी' हे नाव कितीतरी दिवस रिकामे होते. एका म्हाताऱ्या कामगाराच्या पानावरून तिकडे वाट जात होती आणि ती वाट रोज मला टोचत असे. शेवटी १९७२ चा तो कायदा मुळातून वाचला तेव्हा ते पान भरले. शिकलेल्या माणसाला आपल्याला काय येते याची जाणीव असते. आपल्याला काय येत नाही याची नावनिशीवार यादी किती जणांच्या खिशात असते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारविषयक चार संहिता अमलात आल्या आणि केंद्राचे २९ कायदे त्यांत विलीन झाले. मी ज्या कायद्यांची नावे आतापर्यंत घेतली त्यांतले बरेचसे आता त्या नावाने उरलेले नाहीत. संहितांच्या गुणदोषांवर मी आज बोलत नाही, त्याला वेगळे व्याख्यान लागेल आणि ते इतके शांतपणे मला देता येणार नाही. पण वहीचे काय झाले ते सांगतो. कागदाची वही असती तर ती बाद झाली असती. मी जुने पान खोडले नाही, कारण जुनी भांडणे जुन्या कायद्याखाली चालू आहेत. प्रत्येक जुन्या पानाच्या डोक्यावर नव्या संहितेच्या पानाचे नाव घातले, एवढेच. नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा प्रत्येक माणसाच्या पानावर 'नेमणूकपत्र' अशी एक ओळ वाढली, आणि ज्याला मिळाले नाही त्याच्या पानावर ते नाव अजून रिकामे दिसते.

आपल्या भाषेचा या यंत्रात जो संसार झाला तोही ऐकण्यासारखा आहे. कनिंगहॅमच्या विकीत वाट करण्याची युक्ती अशी होती की दोन शब्द जोडून लिहायचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे काढायचे. यंत्र ओळखी की हे पानाचे नाव. आपल्या लिपीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर हा भेदच नाही! देवनागरीने ती युक्ती जन्मतःच नाकारली. सुदैवाने इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही ते जोडशब्द विचित्र वाटू लागले आणि विकिपीडियाने २००१ सालीच दुहेरी कंसांची पद्धत घेतली. ती आपल्यालाही चालली. माझ्या त्या पहिल्या यंत्रात तर देवनागरी उमटतच नसे. मी मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहीत असे, आणि 'काम' लिहिले आहे की 'कम' हे दुसऱ्या दिवशी माझे मलाच कळत नसे. आज फोनवर देवनागरी सुखाने लिहिता येते, तर दुसरी अडचण आहे. अलिबाग लिहिताना कोणी लि ऱ्हस्व काढतो, कोणी ली दीर्घ. माणसाला दोन्ही एकच. यंत्राला ती दोन गावे. एका कामगाराचे नाव आधारकार्डावर एका तऱ्हेने, फंडाच्या नोंदीत दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेत तिसऱ्या तऱ्हेने. त्याच्यापायी त्याचे स्वतःचे पैसे अडकून पडतात. म्हणून प्रत्येक नावाची जितकी रूपे कागदोपत्री आहेत तितकी सर्व मी त्या माणसाच्या पानावर लिहून ठेवतो, कोणते रूप कोणत्या कागदावर आहे त्यासह. शुद्धलेखनाचे नियम शिकविताना गुरुजींनी आम्हांला हे सांगितले असते की यावर तुझा फंड अवलंबून आहे, तर आम्ही वेलांट्या अधिक मन लावून गिरविल्या असत्या.

कोणी असेही विचारतात की आमच्या कोळीबांधवांना वही लागते काय? तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अदमास निघतो, हे त्यांच्या तोंडी असते. खरे आहे. पण भरती कोणाशी वाद घालीत नाही. जेथे समोर दुसरा पक्ष आहे आणि त्याच्याकडे वही आहे, तेथे तोंडचे ज्ञान पुरत नाही.

डायरीतून यंत्रात जाताना मी एक गोष्ट येथल्याच वेधशाळेकडून उचलली. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपण सर्वांनी बाहेरून पाहिली आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वी मुंबईला कुलाब्यात होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या ठरल्या. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी हे काम अलिबागेस आणले. बांधकामाचा दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला, पोरबंदरचा. पण माझे लक्ष वेधले ते पुढच्या गोष्टीने. १९०४ साली अलिबागेत नोंदी सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याच्या नोंदी लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांतला फरक समजावा आणि मागची सारी वर्षे पुढच्या वर्षांना जोडता यावीत. मीही दोन वर्षे डायरी आणि यंत्र दोन्ही चालविले. त्यात असे दिसले की डायरीत मी राग लिहीत असे आणि यंत्रात फक्त तारीख. दोन्ही लागतात. आजही वर्षाला एक लहान डायरी मी घेतोच.

तिचे दुसरेही कारण आहे. खतांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत साधा फोन आत नेता येत नाही; ठिणगीची भीती असते आणि ती खोटी नाही. तेव्हा ज्या जागी नोंद करायची त्याच जागी यंत्र नसते. कामगार विडीच्या किंवा औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर तारीख आणि दोन शब्द लिहून आणतो, रात्री ते खतावणीत जाते. त्या पाकिटाचा तुकडाही टाकायचा नाही. यंत्रातली नोंद न्यायालयापुढे ठेवायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आणि २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती अट आहे. औद्योगिक न्यायालये पुराव्याच्या नियमांना तितकी चिकटून चालत नाहीत, तरीही स्वतःच लिहिलेली नोंद हा काही पुरावा नव्हे. पुरावा कोठे आहे हे ती सांगते. बोट दाखविणे हे तिचे काम.

हातातला संगणक गरिबाच्या हाती द्यावा हे स्वप्न आपल्या देशात पूर्वीच पडले होते. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेतील काही अध्यापकांनी आणि एका सॉफ्टवेअर कंपनीने मिळून १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिंप्युटर नावाचे यंत्र योजिले. साधे, स्वस्त, अनेक भाषा जाणणारे. त्यातली कल्पना फार सुंदर होती. यंत्र गावात एकच असावे, पण प्रत्येकाजवळ आपले कार्ड असावे. कार्ड घातले की आपली माहिती उघडावी, काढले की मिटावी. २००४ साली ते विक्रीस आले. फारसे खपले नाही, आणि थोड्याच वर्षांत मोबाइलने सारी बाजारपेठ व्यापली. आज प्रत्येकाकडे यंत्र आहे, आणि आपली माहिती मात्र आपल्या कार्डावर नाही. ती कोठे आहे हे आपल्याला सांगता येणार नाही. माझा या विकीवर लोभ आहे तो यासाठीही. तिची फाइल माझ्या फोनमध्ये आहे, मी ती दाखवू शकतो.

येथे धोक्याचे बोलले पाहिजे. युनियनच्या माणसाच्या खिशात माणसांची खतावणी असणे ही गंमत नव्हे. फोन फाटकावर जमा होतो, चोरीला जातो, कोणी मागून घेतो. चांगली वही चुकीच्या हाती गेली तर ती वाईट वहीपेक्षा वाईट. म्हणून काही गोष्टी मी लिहीतच नाही. बैठकीला कोण आले, कोण आतून बातमी देते, कोणाचा आजार काय, कोणाला कर्ज किती. या पानांना माझ्या विकीत जागा नाही. फाइलीला कुलूप आहे, पण कुलपावर विसंबून मी लिहीत नाही. दुसरा नियम असा की ज्याचे पान त्याला वाचून दाखवायचे. मासळी सुकविणाऱ्या बायांच्या एका गटाच्या नोंदी ठेवल्या तेव्हा त्यांतल्या एका बाईंनी आपले पान ऐकले आणि म्हणाल्या, "भाऊ, हे 'मजूर' काढ. माल माझा, मी विकते." मी काढले. खोताच्या वहीत कुळाला असे सांगण्याची सोय नव्हती.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले, ते येथे कोणाला विसरता येणार नाही. श्रीवर्धन, मुरूडकडे पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, आणि कितीतरी गावांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. घरोघरचे कागद भिजून लगदा झाले. नुकसानभरपाईला पुन्हा कागदच हवे होते. आता कोणी म्हणेल, यंत्रातली वही वाचली असेल. वाचली, पण वीज नसल्यामुळे फोन मेलेला होता, आणि मरून पडलेल्या फोनातल्या पानांचा उपयोग लगद्याइतकाच. तेव्हापासून मी तीन प्रती ठेवतो. एक फोनात, एक दुसऱ्या तालुक्यात एका मित्राच्या घरी, आणि दर दिवाळीला महत्त्वाची पाने कागदावर छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकाच फाइलीची विकी असल्याचा फायदा येथे कळतो. प्रत काढायला बोट लावण्याइतका वेळ लागतो, दिवाळीच्या कागदांना मात्र दोन दिवस जातात.

शेवटी राहिली वारसाची गोष्ट. माझी साठी जवळ येत आहे. दोन तरुण कामगारांना मी वर्षापूर्वी फाइलीची प्रत दिली. त्यांनी पहिल्याच महिन्यात एका जुन्या कराराचे माझे पान बदलले. मी तेथे 'समाधानकारक तडजोड' असे लिहिले होते. त्यांनी 'कायमपणाची मागणी सोडून दिली' असे लिहिले. आमचे त्यावरून बरेच वाजले. माझे मत अजून असे आहे की त्या दिवशी त्याहून अधिक मिळण्यासारखे नव्हते. त्यांचे मत तसे नाही. आता त्या पानावर दोन्ही वाक्ये आहेत, ज्याचे त्याने लिहिलेले, तारखेसह, आणि खाली मूळ कराराची छायाप्रत.

 फोन मी बरोबर आणला आहे आणि त्यावर कोणाचेही नाव नसलेली, नमुन्याची एक विकी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे. पेणकडची शेवटची एस.टी. ज्यांना गाठायची आहे त्यांनी आधी यावे.